गुड्डीच्या पावलांनी मोजलेलं गाव

"मोजलं का?"

काकांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा पारा आधीच चढलेला होता. बँकेने बदली करून मला जबलपूरला धाडलं होतं. तिथल्या अधारताल भागात या काकांच्या घराचा वरचा मजला मिळाला होता, आणि सामान वर नेता नेता जिन्याची एक पायरी हलते हे माझ्या घोट्याला कळलं होतं. लंगडत खाली जाऊन तक्रार केली, तर हे कानावरची पेन्सिल काढून म्हणतात, "अच्छा. कितवी पायरी? मोजलं का?"

"पुढच्या वेळी पडले की मोजते," मी म्हणाले.

टोमणा त्यांना कळला नाही, की कळूनही त्यांनी बाजूला ठेवला, कोण जाणे. ते पायऱ्या मोजत वर गेले, मोजत खाली आले, "वरून सातवी, खालून सहावी" असं कागदावर लिहिलं आणि संध्याकाळी थापी घेऊन स्वतःच सिमेंट लावत बसले. पायरी आजही पक्की आहे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. आमच्या काकांनी जन्मभर इथल्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला नकाशे काढले होते. मोजमाप जुळल्याशिवाय सही करायची नाही, हा तिथला नियम त्यांनी रिटायर झाल्यावर घरी आणला. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, स्वयंपाक ते स्वतःच करत, आणि पोळी वाकडी लाटली गेली तर ती मोडून पुन्हा लाटत. मी एकदा म्हटलं, "काका, पोटात गेल्यावर कोण बघणार आहे?" तर म्हणाले, "मी तर पाहून राहिलो ना!"

त्यांची एकुलती एक लेक गुड्डी इंग्लंडला होती. लंडनपासून गाडीने पाऊण तासावर हेझलब्रिज नावाचं एक छोटं उपनगर आहे, तिथल्या दवाखान्याच्या लॅबमध्ये ती नुकतीच लागली होती. काकांना जरा कमी ऐकू येई, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. सगळ्या गल्लीला गुड्डीची खबरबात असे.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते आणि गुड्डीचा फोन आला. पोरगी रडत होती.

"बाबा, मी परत येते. इथं माझं कोणीच नाही. चार वाजता अंधार पडतो. लोक गुड मॉर्निंग म्हणतात अन् निघून जातात."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "ये. घर तुझंच आहे. पण बेटा, गाव न पाहता काहून यायचं? तिथली दहा ठिकाणं दाखव मला. दर रविवारी एक. पावलांनी मोजायचं, मी इथं नकाशा काढतो. दहा झाली की तू म्हणशील ते."

फोन ठेवल्यावर मी भडकले. "काका, ती रडतेय आणि तुम्ही तिला पावलं मोजायला लावताय?"

"मॅडम, मी वर्ध्याकडून इथं आलो तेव्हा विशीत होतो. घमापूरला खोली. महिनाभर रोज रडलो. मग रागारागात चालायला लागलो. घमापूर ते सिविल लाइन्स, किती पावलं, कुठे वळण, कोणतं झाड, सगळं लिहून ठेवलं. वही भरली तेव्हा रडणं बंद झालं होतं." मग पेन्सिल कानावर खोचत हळूच म्हणाले, "अन् दहाच तर रविवार. मार्चपर्यंत येऊन जाईल."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुड्डीच्या खोलीला फिकट हिरवा रंग लावायला घेतला. पलंगाचा मोडका पाय बसवला. मी मनात म्हटलं, अस्सं! म्हणजे म्हातारबुवांचं गणित पक्कं आहे.

आणि सुरू झाले ते रविवार! माझी आठवड्यातली एकमेव दुपारची झोप त्यांनी खाल्ली. खालून आवाज यायचा, "फोन सरळ धर! आभाळ नको दाखवू, पाया दाखव!" दोन रविवार मी उशीत डोकं खुपसून पाहिलं. तिसऱ्या रविवारी वैतागून खाली गेले, आणि त्यानंतर एकही चुकवला नाही.

जेवणाच्या टेबलावर मोठा कागद ताणून बसवलेला. मधोमध आडवी रेल्वे लाइन, तिच्यावर स्टेशन. "मॅडम, हे स्टेशन गावाची आई," ते मला समजावत. "आधी इथं काय होतं? एक चर्च, एक तळं, लंडनच्या रस्त्यावर एक सराई, एवढंच. मग रेल्वे आली. लंडनचे बाबू लोक म्हणाले, चलो, इथं राहू, तिथं नोकरी करू. शेतं गेली, एकासारखी एक लाल विटांची घरं आली. म्हणजे आपलं अधारतालच की! आधी तलाव, मग कारखाने, मग क्वार्टर्स."

चर्चच्या आवारात एक यू नावाचं झाड होतं, चर्चपेक्षाही जुनं, खोडात माणूस मावेल एवढी पोकळी. काकांनी गुड्डीला आत उभं राहायला लावलं. "हात पसर. दोन्हीकडे लागले? लिहिलं." जुन्या थिएटरची जिम झाली होती. त्यावर त्यांचं मत असं, की पूर्वी तिथे लोक बसून जग पाहायचे, आता पळतात आणि कुठेच पोचत नाहीत. चौकातल्या घंटाघराला चार तोंडं, आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवत. ही गोष्ट त्यांना इतकी आवडली की भाजीवाल्यालासुद्धा सांगितली. "भैया, वहाँ के घंटाघर में चार घड़ी हैं, चारों का टाइम अलग!" भाजीवाला गंभीरपणे म्हणाला, "तो बाबूजी, लोग ऑफिस कौन-सी देख के जाते हैं?" हा प्रश्न काकांनी पुढच्या रविवारी गुड्डीला रीतसर विचारला.

गुड्डी मोठ्याने मोजत चालायची. मराठीत. "एकशे एक, एकशे दोन..." गल्ल्या सुन्या, झाडं खराटा झालेली, आणि त्यातून ही आमची पोरगी लाल टोपी घालून आकडे म्हणत चाललेली. सुरुवातीला आवाज बारीक असे. कोणी समोरून आलं की ती गप्प व्हायची, आकडा विसरायची, आणि काका म्हणायचे, "परत पहिल्यापासून."

मग सहावं ठिकाण आलं. तिथे दारूच्या जुन्या भट्टीच्या मालकाने आपल्या कामगारांच्या विधवांसाठी बांधलेली बुटकी घरं होती, एका रांगेत सात. गुड्डी दारांसमोरून मोजत चालली तेव्हा चौथ्या दारातून एक आजीबाई काठी टेकत बाहेर आल्या. ही बया आपली घरं मोजते म्हणजे पाडायलाच आली असणार, असं त्यांना वाटलं. चांगल्याच कडाडल्या. गुड्डीने घाबरून फोन त्यांच्याकडे वळवला, "माय फादर! जबलपूर!" आणि इकडे काका ताडकन उभे राहून नमस्कार करत म्हणाले, "मॅडम, ओन्ली ड्रॉइंग! नो ब्रेकिंग!"

आजीबाईंनी चष्मा लावून फोनमध्ये पाहिलं. मागे टेबलावर त्यांचंच गाव पसरलेलं. मग त्यांनी गुड्डीला घरात नेलं, चहा दिला, आणि भट्टीच्या उरलेल्या एकट्या धुराड्यावर दरवर्षी कोणता पक्षी घरटं करतो इथपासून सगळं सांगितलं. काकांनी इतकं भराभर लिहून घेतलं की पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं.

मार्च केव्हाच संपला. कधी रविवारची ड्यूटी, कधी बर्फ, कधी सर्दी, असं करत नववं ठिकाण व्हायला मे उजाडला. इकडे कूलर लागले. आणि नकाशा जुळेना.

काका हैराण. थंडीत मोजलेला अर्धा भाग अवाढव्य आला होता, नंतर मोजलेला अर्धा आखूड. तळं थेट चर्चच्या आवारात घुसत होतं. "गुड्डी, लक्ष देऊन नाही मोजलं तू! कारखान्यात असं काम वापस आलं असतं!" ती म्हणाली, "बाबा, शप्पथ, नीट मोजलं." शेवटी त्यांनी फर्मावलं, स्टेशन ते घंटाघर पुन्हा चालून दाखव.

ती चालली. जानेवारीत सहाशे चाळीस पावलं झाली होती. आता पाचशे दहा.

काकांनी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांवर पेन्सिल फिरवत राहिले. गुड्डी तिकडून "बाबा? हॅलो?" करत होती. त्यांनी "नेट गडबड करून राहिलं" म्हणत फोन बंद केला. नेट उत्तम होतं.

"कुठे चुकलं, काका?" मी विचारलं.

"चूक नाही हो मॅडम. दोन्ही बरोबर आहेत." त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा पोरगी घाबरून, अंग चोरून चालायची. आता ताठ चालते. पावलं मोठी झाली तिची."



त्यानंतर दहावं ठिकाण काही निघेना. पहिल्या रविवारी काकांचं डोकं दुखलं. दुसऱ्या रविवारी कागद संपला. तिसऱ्या रविवारी त्यांना म्हणे सुट्टी हवी होती. दहा झाली की ती म्हणेल ते, असं स्वतःच ठरवून बसले होते ना! एवढी रंगवलेली, पलंग ठोकून तयार असलेली खोली, आणि ती काय म्हणेल हे ऐकायची आता त्यांची छाती होत नव्हती.

मी सरळ जाऊन म्हटलं, "काका, तुम्हाला ती परत यायला हवी आहे."

"हवीच आहे," ते फटकन म्हणाले. "काहून नको? लेक आहे माझी. एकटा माणूस दोन पोळ्या लाटतो अन् एक उरते."  मी वर गेले आणि माझ्या आईला फोन लावला.

चौथ्या रविवारी फोन गुड्डीनेच केला. "बाबा, काही बोलू नका. फक्त बघा. वरच्या ताईंनापण बोलवा."

तिने फोन जॅकेटच्या खिशाला अडकवला होता, कॅमेऱ्याचा डोळा बाहेर. समोर दहाबारा माणसं उभी होती, सगळी तिथलीच, पिकल्या केसांची, एक कुत्रा, आणि पुढे चौथ्या दारातल्या आजीबाई. त्या दर महिन्याला गावकऱ्यांना जुनं गाव दाखवत. त्यांचा गुडघा दुखायला लागला होता. म्हणाल्या होत्या, तू आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त चाललीस, आज तू दाखव.

आणि आमची गुड्डी दाखवत होती. इंग्रजीत, खणखणीत. दहावं ठिकाण म्हणजे लंडनच्या रस्त्यावरची सराई. तिची मोठी कमान, जिच्यातून घोडागाड्या आत शिरत. कोणत्या खोलीत प्रवासी उतरत, घोडे कुठे बांधत, रेल्वे आल्यावर ही सराई कशी ओस पडली, सगळं सांगून ती पुढे निघाली, तेवढ्यात फोनमध्ये कमानीचा पाया न्याहाळत बसलेल्या काकांना राहवेना.

"गुड्डी! दगड! कमानीचे दगड राहिले!"

खिशातून आलेल्या त्या आरोळीने कुत्रा भुंकला. लोक चमकले. गुड्डी हसत सुटली. "सॉरी, माय फादर. ही इज इन जबलपूर. ही इज राइट." मग तिने सगळ्यांना मागे वळवलं आणि कमानीच्या पायाशी दोन्ही बाजूंना बसवलेले गोटे दाखवले, चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून बसवलेले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, जन्म इथे गेला, हे दगड कशाचे हे आज कळलं. त्यांनी टोपी काढून फोनसमोर धरली. मग एकेक करून सगळ्यांनीच वाकून खिशाला हात हलवले. इकडे काका उभे, बनियनवर, हात जोडून, आणि तोंडभर हसू. इतका खूश माणूस मी जबलपुरात पाहिला नव्हता. मी टाळ्या वाजवत होते, कशासाठी ते विचारू नका.

मंडळी पांगली. गुड्डीने फोन हातात घेतला. वाऱ्याने केस उडत होते, गाल लाल झाले होते.

"बाबा, दहा झाली. मी म्हणेन ते, असं तुम्ही बोलले होते. पण तुम्हीच सांगा. येऊ परत?"

मी काकांकडे पाहिलं. एक "ये" म्हटलं असतं तर ती आली असती. तिच्या आवाजात ते होतं.

"काहून?" काका म्हणाले. "मग या लोकांना त्यांचं गाव कोण दाखवेल?"

एवढं बोलले आणि फोन माझ्या हातात कोंबला. "जरा बोला तुम्ही हिच्याशी," म्हणत मागच्या अंगणात गेले. नळ सुटल्याचा आवाज आला, तो कितीतरी वेळ बंद होईना.

काय बोलावं? मी विचारलं, तिकडे ऊन आहे का. ती म्हणाली आहे. तिने विचारलं, आंबे आले का. मी म्हटलं आले.

मग ती म्हणाली, "ताई, बाबा रडून राहिले का?"

"छे गं. तोंड धुताहेत."

"अच्छा," गुड्डी म्हणाली आणि बाहीने डोळे पुसले. "मी पण तेच करून राहिली."