आता चहा तुमच्याकडं, वहिनी

"हेल्मेट काढा वहिनी, फोटो झाला," फोरमन म्हणाला.

मी अजून डंपरच्या शिडीवरच होते. खाली मॅनेजर साहेब, मुख्यालयातून आलेले मोठे साहेब, फोटोवाला, ऑफिसचे सगळे लोक. महिला दिन होता. सकाळी कपबशा धूत असताना मला बोलावलं. साडीवर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट चढवलं, डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि त्या घराएवढ्या गाडीत बसवलं. स्टेअरिंग धरा म्हणाले, धरलं. हसा म्हणाले, हसले.

उतरले तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, "चलाती है क्या?"

मी तोंड उघडायच्या आत फोरमन बोलला, "बाईच्या हातात डंपर देलं त खाण बुडंल, साहेब."

सगळे हसले. ऑफिसातल्या बायकाही हसल्या. मॅनेजर साहेब म्हणाले, "जाओ, मेहमानों की चाय रखो."

मी गेले. चहा टाकला. मला वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. काहीच वाटलं नाही. हात त्यांचं काम करत होते.

वणीजवळच्या या कोळशाच्या खाणीत माझा नवरा पंपावर होता. खाणीत साचलेलं पाणी उपसायचा. ड्युटीवरच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. ती त्यांच्या धाकट्या मुलाला, माझ्या दिराला मिळावी, असं सासऱ्यांचं म्हणणं. "बाईमाणूस खाणीत काय करन?" सासरे म्हणाले. माझ्याकडे न बघता. मी बारावी शिकलेली, पदरात पोरगी. मी हटले नाही. नोकरी मी घेतली. तेव्हापासून दीर माझ्याशी बोलायचा बंद झाला.

माझ्यासोबत लागलेली पोरं पंपावर, डंपरवर शिकायला गेली. मला साहेबांच्या केबिनमागच्या खोलीत पाठवलं. गॅस, कपबशा, पाण्याचे जग. "हलकं काम देलं तुमाले. उपकार समजा," क्लार्क म्हणाला. मी समजले. वर्षानुवर्षं समजत राहिले.

महिला दिनाचा तो फोटो मोठा करून गेटवर लावला. खाली लिहिलं, नारीशक्तीला सलाम. रोज सकाळी मी त्या फोटोखालून कपबशा धुवायला जायची. गावात बातमी पसरली की सून डंपर चालवते. मी कुणाला नाही म्हटलं नाही. पोरगी म्हणाली, "आई, मले एकदा बसव ना तुह्या गाडीत."

"ते माही गाडी नाही," मी म्हटलं.

ती दप्तर भरायला लागली.

त्या खोलीत माझ्याही आधीपासून कांताबाई होत्या. त्याही नवऱ्याच्या जागी लागलेल्या. ऐन उन्हाळ्यात त्या रिटायर झाल्या. हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शाल, साडी, नारळ. साहेब उठले आणि म्हणाले, "कांताबाई जैसी चाय यहाँ कोई नहीं बनाता." टाळ्या वाजल्या. साहेब बसले. अख्ख्या नोकरीबद्दल तेवढं एक वाक्य.

कांताबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. नारळ मांडीवर. हळूच म्हणाल्या, "मीबी मशिनीवर जाईन म्हणूनच आलती. कोणी नेलंच नाही. मंग मीबी इचारनं सोडून देलं."

रडल्या नाहीत. आज भाजी काय केली ते सांगावं तसं सांगितलं. मीही विचारणं सोडलं होतं. कधी सोडलं ते आठवेना.

तेवढ्यात फोरमन पुढून ओरडला, "आता चहा तुमच्याकडं, वहिनी. टाका पटकन."

मी उठले. पण खोलीकडं गेले नाही.

"मी चहा नाही करनार," मी म्हटलं. "मले डंपर शिकाचं हाये."

साहेब म्हणाले, "क्या बोली?"

समजलं नाही असं नंतर कुणी म्हणू नये, म्हणून हिंदीतून पुन्हा सांगितलं. "चाय नहीं बनाऊँगी. गाड़ी सीखूँगी."

दुसऱ्या दिवशी मला कोळशाच्या ढिगावर पाठवलं. कोळशातले दगड वेचायचे. वर ऊन, खाली तापलेला कोळसा. बायकांसाठी जवळपास संडास नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं. फोरमन येऊन म्हणाला, "ऑफिसात पंखा होता, वहिनी." मी दगड वेचत राहिले. घरी दीर बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "खाणीत नाटकं करून राह्यली म्हनते. घरच्या अब्रूचं तं पाह्य."

दर सोमवारी मी साहेबांच्या दारात जाऊन उभी राहते. ते म्हणतात, जगह नहीं है. माझ्यामागून आलेली पोरं मात्र शिकून गाडीवर चढतात. मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाते.

परवा एक नवी बाई लागली. राळेगावकडची, कोवळ्या वयाची, नवरा खाणीतच गेलेला. मी ऑफिसात पाणी प्यायला आले होते. क्लार्क तिला त्या खोलीकडं घेऊन चालला होता. सांगत होता, "हलकं काम हाये."

मी जाऊन दारात उभी राहिले. कोपरापर्यंत काळे हात, तसेच चौकटीला लावले.

"हिले आत नका नेऊ."

"तुमचं काय काम इथं?" क्लार्क म्हणाला.

मी तिला विचारलं, "तुले काय शिकाचं हाये?"

तिनं आधी क्लार्ककडं पाहिलं. घरच्यांनी, साहेबांनी, कुणीच तिला हे विचारलं नसावं. मग म्हणाली, "मशीन."

क्लार्क साहेबांना बोलवायला गेला. भीती आहेच. नोकरी गेली तर पोरगी आणि मी कुठं जाणार, ते मला माहीत आहे. घराचं दार उघडं राहील याची खात्री नाही. मला अजून डंपर मिळालेला नाही, कदाचित मिळणारही नाही.

पण या खोलीत आता कुठलीच बाई जाणार नाही. न्यायचीच असेल तर आधी मला इथून उचलून बाजूला टाकावं लागेल. टाकलं तर उठून पुन्हा इथंच येईन.