शर्टाला हात लावण्याआधी

"शर्ट काढा."

एवढंच बोलले सर. काका नाही, बाबा नाही, नाव तर राहूच द्या. "आतली गंजी पण." परळच्या आमच्या हॉस्पिटलचा लेक्चर हॉल. एसी फुल्ल. समोर विद्यार्थी, पहिल्या रांगेत बाहेरून आलेले पाहुणे डॉक्टर. मध्ये लोखंडी स्टुलावर माझे बाबा. उघडे. बाजूला मी, त्यांची मुलगी, एमडी झालेली, पांढऱ्या कोटात. नुसती उभी.

बाबा गिरणीत होते, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात. कापसाची धूळ खाऊन छाती गेली. गिरणी बंद पडली, छातीतली शिट्टी काही बंद पडली नाही. ही छाती सरांना मीच सुचवली होती.

सर म्हणजे माझे गुरू. खरंच मानायचे मी त्यांना. डॉक्टरांच्या पोरांना घरातच कळतं, संशोधनाचा पेपर कसा लिहायचा, परिषदेत कसं बोलायचं, कुणापुढे वाकायचं. आमच्या काळाचौकीच्या चाळीत कोण सांगणार? सरांनी सांगितलं. दर शनिवारी ज्युनिअर डॉक्टरांना घेऊन बसायचे, मेडिकल कॉलेजात शिक्षक कसं व्हायचं ते शिकवायचे. मला म्हणाले, "प्रॅक्टिसच्या मागे लागू नकोस. तू शिकवायला जन्मलीयस." युनिटमध्ये लेक्चररची जागा निघणार होती. ती तुझीच धर, म्हणाले. मी धरली. बाहेरच्या नोकऱ्या सोडून बसले, वेडी.

मग एक दिवस म्हणाले, निवडीआधी पाहुणे येतायत, तुला शिकवताना बघतील, एखादी चांगली छाती आण, म्हणजे शिकवण्याजोगा छातीचा पेशंट. मी बाबांचं नाव काढलं. पण अट घातली. हात लावण्याआधी सरांनी त्यांना विचारायचं, सगळ्यांसमोर उघडं बसवायचं नाही, आणि ते माझे वडील आहेत हे कुणाला सांगायचं नाही. सर म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का तुझा? होता ना. तिथंच तर माती खाल्ली.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "माझ्या छातीचो पोरांका उपेग होतलो तर होवंदे." पण खरा आनंद वेगळाच होता. लेक शिकवताना बघायची होती त्यांना. सकाळी घोटून दाढी केली. गणपतीच्या आरतीला घालतात तो सफेद शर्ट इस्त्री करून घातला. अख्ख्या मजल्याला सांगत निघाले, माझा चेडू डॉक्टरांका शिकवता, बघूक चललंय.

काय बघितलं त्यांनी? सरांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि स्वतःच्या पुतण्याला दिला. पुतण्या माझ्याच बॅचचा. पाहुण्यांना म्हणाले, हा आमचा होणारा लेक्चरर, घरात डॉक्टरांची तिसरी पिढी. मला म्हणाले, तू पेशंटजवळ थांब, त्यांना काही कळलं नाही तर मराठीत सांग. वर हसत हसत, "हिचेच फादर आहेत बरं का. बघा, गिरणीतून कुठे आणलं आपण हिला." आपण! हॉल हसला. कुत्सित नाही, कौतुकानं हसला. ते जास्त झोंबलं.

मी सरांना नजरेखालून घालायला दिलेला माझा पाठ पुतण्यानं जसाच्या तसा म्हटला. गार स्टेथोस्कोप बाबांच्या पाठीला टेकवला. बाबा दचकले. थंड आहे हं, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. मग विद्यार्थी रांगेनं आले, एकेक जण बरगड्यांवर बोटं वाजवून गेला. सर म्हणाले, "नीट बघून घ्या. गिरण्या गेल्या. अशा छात्याही आता संपत आल्या."

बाबांना खोकल्याची उबळ आली. शर्टाची घडी मांडीवर धरलेली. ती सांभाळत त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाय गो, आता शर्ट घालू काय?"

माझा बाप मला विचारत होता. स्वतःचं अंग झाकायची परवानगी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाज वाटली, त्यांची नाही, त्या कोटाची. मी शर्ट घेतला, त्यांना घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. रांग थांबली. सर म्हणाले, अजून अर्धी मुलं राहिलीयत.

मी म्हणाले, "सर, तुम्ही त्यांना विचारलं नव्हतं."

"फुकट औषधं घेतात ना इथली? मग त्यात विचारायचं काय?"

आवाजसुद्धा चढवला नाही. मी बाबांचा हात धरला आणि पाहुण्यांच्या समोरून चालत बाहेर पडले. मागे पुतण्या माझाच पाठ पुढे म्हणत राहिला.

जागा त्याला मिळाली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि समजूत घातली. काळाचौकीला दवाखाना काढ, म्हणाले, तुझी माणसं तुला देव मानतील. अजूनही तोच गोड आवाज. याच आवाजावर मी इतकी वर्षं भाळले होते.

बाबा तो शर्ट आता घालत नाहीत. घट्ट होतो, म्हणतात. कसला घट्ट, अंगावर लोंबतो तो.

मला देव व्हायचं नाही. शिक्षकच व्हायचंय. दुसऱ्या कॉलेजात अर्ज टाकलाय. तिथं नाही झालं तर तिसऱ्या. कुठल्यातरी दारातून आत शिरणारच, आणि एक दिवस प्रॅक्टिकलला परीक्षकाच्या खुर्चीत बसणार. पेशंटला नाव न विचारता ज्याचा हात त्याच्या शर्टाकडे जाईल, त्याला मी नापास करणार. मग तो कितव्याही पिढीचा डॉक्टर असो.