हवापालटासाठी आलेली आत्या

रोहेकरांनो, आज सकाळी आत्याला परत मुंबईच्या एसटीत बसवून आलो.

दम्यामुळे डॉक्टरांनी तिला हवापालट करायला सांगितलं, म्हणून मीच तिला हौसेनं इकडे आणलं होतं. "आमच्याकडे नदी हाय, झाडं हायत," असं सांगून.

आज पहाटे गावाशेजारच्या केमिकल कंपनीचा वास आला. खिडक्या लावल्या, तरी आत्याला धाप लागली. मी कंपनीच्या गेटवर फोन केला. "वास? आम्हाला तर नाय येत," म्हणाले.

बसमध्ये चढताना आत्या म्हणाली, "माझं सोड. तुझ्या पोरीला कधीपासून खोकला हाय रे?"

मला आठवेना. मी बाप आहे तिचा!

तुमच्या घरात कोण खोकतंय? कधीपासून?