अस्तंब्याच्या वाटेवरचं तेल

दिवाळीच्या पहाटे अंगाला लावायचं तिळाचं तेल कोमट केलं, की त्या वासासरशी मला अस्तंब्याचा डोंगर आठवतो. इंग्रजांच्या अमलात, ऐन तारुण्यात मी मामांबरोबर धुळ्याहून तिथल्या यात्रेला गेलो होतो. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा त्या डोंगरात फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, असं आमचा सगळा खानदेश मानतो. म्हणून जो तो तेलाची बाटली घेऊन चढत होता. अर्ध्या चढावर कड्याखाली एक माणूस बसलेला दिसला. कपाळ फुटलेलं, ओठ पांढरेफटक. “थोडंसं दे रे भाऊ,” तो पुटपुटला. मामा लगबगीनं पुढे झाले. त्यांनी त्याच्या जखमेवर अर्धी बाटली रिकामी केली, पायांवर डोकं ठेवलं आणि मला ओढतच वर नेलं. माथ्यावरून एकीकडे नर्मदेचं खोरं, दुसरीकडे दूरवर तापीकाठची शेतं उन्हात लखलखत होती. मामा मात्र डोळे मिटून रडत होते, देव भेटला म्हणून. उतरताना पाहिलं तर तो तिथंच आडवा पडलेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तेलानं निथळत, भोवती झेंडूची फुलं. मामा हात जोडून वाकले. “देवा, आखो तेल देऊ का, अजून थोडं?” त्यानं कशीबशी मान हलवली. “पानी,” तो म्हणाला. मामांनी खांद्यावरची छागल घाईघाईनं त्याच्या तोंडाला लावली, पण पाणी ओठांच्या कडेनं नुसतं ओघळत राहिलं. गिळायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. आता दिवाळीला बायको माझ्या डोक्यावर तेल घालायला येते, तेव्हा मी आधी पेलाभर पाणी मागतो. तहान नसली तरी.