पाटावरचा तास

लग्नानंतरची बरीच वर्षं मी 'वेळ मिळाला की लिहीन' या पंथाची निष्ठावंत अनुयायी होते. या पंथात माणसं पुष्कळ असतात आणि त्यांचे कागद कोरे असतात. माझा दिवस सगळ्यांसारखाच होता. सकाळी डबे, मग सिडकोतून सिटी बस, मग सरकारी कचेरीतलं आवक-जावकचं टेबल, संध्याकाळी परत बस, वाटेत भाजी, घरी मुलांचे अभ्यास. रात्री लिहावं म्हटलं तर पहिल्याच वाक्याच्या मध्यावर माझी मान कागदावर पडायची.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. बसमध्ये लिहून पाहिलं, तर शेजारी बसलेल्या बाई मान वाकडी करून वाचायच्या आणि पान उलटायला मला उशीर झाला की अस्वस्थ व्हायच्या. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन एकटी बसले, तर बायकांनी ठरवलं की मी रुसलेय. माझी समजूत काढायला एकीनं दुसऱ्या दिवशी मुद्दाम भरली वांगी आणली आणि ती सुट्टी वांग्यांत गेली. शेवटी ओट्यावर कागद ठेवून लिहिलं, तर नायिकेच्या तोंडावर फोडणीचं तेल उडालं. ती गोष्ट तिथंच संपली.

घरात आम्ही पाच माणसं. मी, दोन शाळकरी मुलं, सातपूरच्या कारखान्यात पाळ्यांनी जाणारा नवरा आणि सासूबाई. खोल्या दोन, बाहेरची आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात देव्हारा. त्या देव्हाऱ्यापुढचा लाकडी पाट ही आमच्या घरातली एकमेव जागा होती जिथं बसलेल्या माणसाला कुणी उठवत नसे.

सासूबाई सिन्नरकडच्या. सकाळी त्या पाटावर बसल्या, निरांजन लागलं, पोथी उघडली की घरात संचारबंदी. पोथीवर बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, शिवायचं नाही, त्यानंही अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही आणि बोलायचं नाही. बोललं तर अध्याय मोडतो. मुलं चवड्यांवर चालायची. माझा नवरा घरातही मशीनशेजारी उभा असल्यासारखा बोलतो. तोही त्या वेळी खुणेनं चहा मागायचा. मागायचा अर्थात माझ्याकडेच.

मला सासूबाईंच्या भक्तीचा हेवा कधी वाटला नाही. पाटाचा वाटायचा. माझी आध्यात्मिक उंची तेवढीच.

एका श्रावणात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाचायचं नाही, वाकायचं नाही. आणि त्यांनी तर सप्ताह बोललेला, सात दिवसांत पोथी पुरी करायचा.

"सप्ता मोडायचा नाय," डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीखालून त्या म्हणाल्या. "तू वाच. मी ऐकते."

"आई, मला ऑफिस आहे."

"लवकर ऊठ. देवाला ऑफिस नाय, पर त्याला कळतं."

मग मी लवकर उठून पाटावर बसले आणि मोठ्यानं वाचलं. सात दिवस मला कुणीही हाक मारली नाही. सात दिवस नवऱ्यानं स्वतःचा चहा स्वतः केला, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही, कारण तो देवाचं काम करत होता. मुलांनी आपापले मोजे शोधले. मोजे होते तिथंच होते. इतकी वर्षं ते मलाच सापडत होते, एवढंच.

उद्यापन झालं, पुरणपोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे माझे पाय आपले आपण पाटाकडे गेले. पोथी कापडात बांधून जागेवर होती, ती मी तशीच राहू दिली. मांडीवर मुलाची पाटी घेतली, पाटीवर ऑफिसातले पाठकोरे कागद, आणि लिहायला लागले. सासूबाई खाटेवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या.

"आज बी बसलीस?"

"हो."

"आवाज नाय येत."

"मनातल्या मनात चाललंय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कुणी विचारलं असतं की पोथी वाचतेस का, तर मी नाही म्हटलं असतं. कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं मात्र एकदा पाठीमागून येऊन कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि रात्रपाळी करून आला होता म्हणून गुपचूप झोपायला गेला. शांतता त्यालाही हवीच होती.

एक डोळा झाला, मग दुसरा झाला. चष्म्याचा नंबर मिळायला दिवाळी उलटून गेली. तोवर माझी गोष्ट रोज एक तास पुढं सरकत होती. मखमलाबादकडे गुलाब लावणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. तिला फुलं आवडत नसतात. दर महिन्याला चार दिवस मात्र मला पाटावर बसता येत नसे. बायकांनी त्या दिवसांत देवाजवळ जायचं नाही हे आमच्या घरात कडक होतं, त्यामुळे माझ्याबरोबर ती गुलाबवालीही चार दिवस बाहेर बसायची. परत आत आली की आपण काय बोलत होतो हे विसरलेली असायची.

दरम्यान माझी कीर्ती पसरत होती. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की वाकून नमस्कार करायला लागल्या. खालच्या घरातून प्राजक्ताची फुलं यायची. सासूबाईंनी सिन्नरपर्यंत बातमी पोचवली होती की आमची सून नोकरी करून रोज पारायण करती, त्ये बी मौनात. हे माझ्या कानावर आलं, तेव्हा बोलायला हवं होतं. पण तेव्हा गुलाबवालीचा भाऊ जमिनीची वाटणी मागायला आला होता आणि मला मधेच उठायचं नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी सिन्नरहून नणंद आली. वयानं माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. बरोबर तिची मुलगी. जीपमधून दाटीवाटीनं आल्यामुळे दोघींची तोंडं वैतागलेली होती, मुलीचं जरा जास्त. ती येऊन बंद टीव्हीकडे बघत बसली.

ताईनं पिशवीतून नारळ काढला, खण काढला, तांदूळ काढले.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"भानगड कसली? हिच्या लग्नाचं काही जुळंना. येतात, पोहे खातात, पत्ता देऊन जातात आणि मग पत्ताच लागत नाही त्यांचा. आई म्हणते तुझ्या बसण्याला फळ आहे. हिच्या नावानं एक सप्ता कर. मी ओटी भरते तुझी."

"मला नको तो सप्ता," मुलगी टीव्हीला म्हणाली.

"तू गप."

तांदळाची मूठ घेऊन ताई माझ्यासमोर उभी राहिली. मी पदर पसरायचा, एवढंच बाकी होतं. पदर पसरला असता तर माझा तास पक्का झाला असता, सप्ताहानंतर सप्ताह. कुणाला काही कळलंही नसतं. इतके दिवस मी कुणाचं काही घेतलं नव्हतं, शांतता सोडून. पण त्या मुलीचा चेहरा असा होता की तिच्या नावानं काही मागायला बसावं आणि तिथं गुलाबवालीची वाटणी लिहावी, हे मला जमेना.

"ताई, सप्ता मी एकच केला. आईंसाठी. त्यानंतर मी पोथी उघडलेली नाही. मी गोष्ट लिहिते."

"कसली गोष्ट?"

"एका बाईची."

"कुठली बाई?"

"कुठली नाही. मनातली."

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे खोटी."

"हो, तसं म्हणा."

ताईची मूठ अजून तशीच होती. "देवापुढं बसून खोट्या गोष्टी लिहितेस? देव काय म्हणेल?"

"इतके महिने काही म्हणाला नाही. पहिल्या तुम्हीच."

मुलगी फिसकन हसली आणि त्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला. ताईनं तांदूळ पिशवीत टाकले, नारळही टाकला. खण तेवढा रीत म्हणून ठेवला. जेवल्याशिवाय त्या गेल्या नाहीत, पण जेवताना माझ्याशी कुणी बोललं नाही. (मुलीचं लग्न पुढं झालं, सप्ताहाशिवाय, सिन्नरच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या मुलाशी. पोहे तिनं केलेच नव्हते म्हणतात.)

संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला.

"देव्हाऱ्यापुढं बसायचं नाय."

"बरं."

"आन सकाळी बी नाय."

"सकाळीच बसणार."

हे मी म्हणाले यावर माझाही विश्वास बसला नाही. लग्न झाल्यापासून त्या घरात मी 'बरं' सोडून फारसं काही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा पाट घेतला आणि दोन खोल्यांमधल्या दारात मांडला. दुसरी जागाच नव्हती. आणि त्या दिवशी घराला शोध लागला की आता मला हाक मारायला हरकत नाही. इतक्या महिन्यांच्या साचलेल्या हाका एकदम आल्या. मोजे पुन्हा हरवले. गणवेशाचं बटण तुटलं. साबण संपला. मी मान वर केली नाही.

"आई, माझा रुमाल कुठंय?" मुलगा माझ्यासमोर उकिडवा बसला.

"मी पाटावर बसलेय."

"पण तू पोथी वाचत नाहीस ना?"

"नाही."

"मग ऊठ ना."

"नाही."

या संभाषणात तर्कशुद्ध बाजू त्याची होती. मला तर्क नको होता, तास हवा होता.

दूध उतू गेलं. नवरा गॅसपाशीच उभा होता. "दूध गेलं," त्यानं मला सांगितलं. "हो, वास आला," मी म्हणाले. मग तो मला ओलांडून फडकं आणायला गेला आणि ओलांडून परत आला. कितीतरी दिवस असं चाललं. त्या दिवसांत मी जे लिहिलं ते अगदी टाकाऊ होतं. गुलाबवाली ऊठसूट कुणालाही फाडफाड बोलायची, कारण मी बोलत नव्हते. ती पानं पुढं सगळी फाडली. पण बसायचं सोडलं नाही. एक फायदाही झाला, महिन्याच्या त्या चार दिवसांची सुट्टी बंद झाली. दारातल्या पाटाला विटाळ नव्हता.

मग सासूबाईंचा चष्मा आला. दुसऱ्याच पहाटे त्या अंघोळ करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ऊठ आता. मला पोथीवर बसायचंय."

"बसा की. तुमचा कोपरा मोकळाच आहे."

"आन चहा? डबे? दोघी बसल्यावर कोन करील?"

"माझा तास झाला की मी उठेन आणि करीन. आम्ही गेल्यावर तुम्ही बसा, दिवसभर घर रिकामं असतं."

"पोथी सकाळचीच असती."

"गोष्टपण."

नव्या चष्म्यातून त्यांनी मला नीट पाहून घेतलं. मग कोपऱ्यात गेल्या, निरांजन लावलं, पोथी सोडली आणि वाचायला लागल्या. त्याही हट्टाच्या पक्क्या. मी उठले म्हणजे त्या जिंकल्या, त्या उठल्या म्हणजे मी. दोघी बसून राहिलो.

तेवढ्यात नवरा रात्रपाळी करून आला. कोपऱ्यात आई, दारात बायको. चपला हातात घेऊन तो क्षणभर उभा राहिला. आईला हाक मारता येत नव्हती आणि मला मारून उपयोग नव्हता. मुलं उठून भिंतीला टेकून बघत होती. शेवटी तो मला ओलांडून आत गेला आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. नंतर पोहे भिजवल्याचा. नंतर कांदा करपल्याचा वास.

"अगं, हळद कुठंय?"

मी लिहीत होते.

"अगं ए, हळद. तुला विचारतोय. ऊठ जरा, हे लागायला लागलंय खाली."

माझं पेन थांबलं. खरं सांगायचं तर मी उठणारच होते. एक हात जमिनीवर टेकलाही होता. इतक्या दिवसांचा माझा बाणेदारपणा करपलेल्या कांद्यापुढं संपत आला होता.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला.

"ती बसलीय, दिसत नाय का? डोळं माझं गेलं होतं का तुझं? शोध की हळद."

आत एकेक डबा उघडल्याचा आवाज यायला लागला. मी हात उचलला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोलल्यामुळे त्यांचा अध्याय मोडला होता, जवळजवळ संपत आलेला. त्यांनी पानं मागं उलटली, चष्मा नीट केला आणि पहिल्या ओवीपासून पुन्हा वाचायला लागल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या म्हणून मीही उठले नाही, आणि त्या दिवशी माझा तास चांगलाच लांबला. पोहे पिवळे झाले होते. मीठ नव्हतं. सगळ्यांनी खाल्ले.

माझं लिखाण त्यांनी शेवटपर्यंत खोटंच मानलं. गुलाबवालीची गोष्ट पुढं एका दिवाळी अंकात आली, तेव्हा त्यांनी अंक हातात घेतला, त्यातलं राशिभविष्य वाचलं आणि परत दिला. पण तोवर डब्यांची सकाळ नवऱ्याकडे गेली होती ती कायमची, आणि हळद कुठं असते हे आता फक्त त्यालाच माहीत आहे.

अजूनही कार्यक्रमात कुणीतरी कौतुकानं विचारतं, नोकरी आणि घर सांभाळून लिहायला वेळ कसा काढता? प्रश्न विचारणारी बाई असते आणि तिला खरंच हवं असतं उत्तर. मी तिला सांगते, सांभाळून नाही काढत. त्या तासात मी काहीही सांभाळत नाही.