अठरावं नाव

हे तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ज्या दोघांना हे सांगायला हवं होतं ते मला चांगलं ओळखतात, आणि म्हणूनच — म्हणूनच त्यांना आजवर सांगितलेलं नाही. घरी नाही, मित्रांत नाही, मित्रांबरोबर बसून चार घोट जास्त झाले तेव्हाही नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, विचारा आमच्या आळीत कुणालाही. हे मात्र राहिलं.

मी पेणचा. रोह्याला एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. डेटाबेसमधून लोकांना हव्या त्या याद्या काढून देणं हे माझं काम. कोणाचा गेटपास संपला, कोण कितीदा गैरहजर, कोणाची तपासणी कधी झाली. डेटाबेसला प्रश्न विचारायची एक भाषा असते, एसक्यूएल, आणि आमच्या ऑफिसात ती मला एकट्याला येते. याचा मला केवढा माज होता म्हणून सांगू! साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले की मी मुद्दाम हळू टाइप करायचो.

तर — ती यादी. नाही, आधी हसुराम दादा.

दादा जोह्याचा. जोहे-हमरापूर म्हणजे घरटी गणपतीचा कारखाना, आणि त्याच्या घरीही तो होताच. वर्षातले आठ-नऊ महिने दादा आमच्या कंपनीत कंत्राटी कामगार, ड्रम भरायच्या शेडमध्ये. जून लागला की कंपनी सोडून घरी बसायचा तो गणपती होईपर्यंत, कारण कारखान्यातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे तोच आखायचा. रंगकाम दहा जण करतील हो. डोळ्यांची आखणी करणारा हात गावात मोजका. बारीक ब्रश, श्वास रोखून एक रेघ, आणि ती रेघ पहिल्याच खेपेला बसली पाहिजे. पुसून पुन्हा काढली तर मूर्ती आपल्याकडे बघत नाही, असं तो म्हणायचा. आमच्या घरचा गणपती मी चड्डीत होतो तेव्हापासून त्यांच्याकडूनच येतो. सकाळी रोह्याच्या गाडीला दादा हमरापूरला चढायचा, मी पेणला. शेजारी डब्याची पिशवी ठेवून तो माझी जागा धरायचा. कोणी भांडलं तरी पिशवी उचलायचा नाही.

शेडमधल्या लोकांची वैद्यकीय तपासणी कंपनीत जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हायची. मुद्दामच. जोहे-हमरापूरची माणसं घरी जायच्या आत त्यांचं रक्त घेऊन ठेवायचं, ही जुनी पद्धत. बाकी खात्यांची तपासणी नंतर, महिन्या-महिन्याने. डॉक्टर ज्याच्या कागदावर ‘पुन्हा बोलवा’ असं लिहितील त्याला पुन्हा तपासायचं, आणि ते होईपर्यंत सॉल्व्हंटजवळ, म्हणजे ड्रममध्ये भरायच्या त्या रसायनाजवळ, कामाला लावायचं नाही. ही नावं दर महिन्याला मी काढायचो. मागच्या तीन महिन्यांत तपासलेले, शेरा असलेले, पुन्हा तपासणी न झालेले. कागद जायचा आरोग्य खोलीत, शैला सिस्टरकडे. त्या एकेकाला कामावरून बोलावून घ्यायच्या, नावापुढे निळ्या पेनने टिक करायच्या आणि कागद फाइलला लावायच्या.

आता मागचे तीन महिने म्हणजे काय? सोपा प्रश्न वाटतो ना? मलाही वाटला होता. डेटाबेसला ते दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक — आजच्या तारखेपासून तीन महिने मागे जा. दुसरी — चालू महिन्याची एक तारीख धर आणि तिथून तीन महिने मागे जा, म्हणजे सगळे महिने पुरे येतात. मी पहिली लिहिली. लहान होती, एका ओळीत बसत होती. आणि यादी एक तारखेला काढली तर दोन्हींचं उत्तर एकच येतं, मग कोण डोकं चालवतो?

सिस्टरनी मला सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा, त्यांनी सांगितलं होतं. त्या वर्षी जूनमध्ये दादाच्या कागदावर तो शेरा पडला होता. ऑगस्टच्या यादीत त्याचं नाव होतं, पुढे त्यांनी ‘रजेवर’ लिहिलं होतं, आणि तो कागद घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “जोह्याची माणसं गणपती झाल्यावर येतात हो. पुढच्या यादीत यांचं नाव राहील ना? जून म्हणजे अख्खा जून हवा हां मला.” मी हसलो. काय म्हणालो माहीत आहे? — “सिस्टर, विसरतात ती माणसं. कॉम्प्युटर विसरत नाही.” शेजारच्या टेबलावरची दोघंही हसली. सिस्टर ओशाळून निघून गेल्या.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरात होते. एक तारखेला रविवार, आणि दोन तारखेपासून माझी रजा. पेणच्या माणसाला त्या दिवसांत कंपनी दिसते का? विसर्जन आटोपून, झोप काढून मी कामावर गेलो आणि सप्टेंबरची यादी काढली तेव्हा तारीख होती एकोणीस. एकोणीस सप्टेंबरच्या मागे तीन महिने म्हणजे एकोणीस जून. दादाची तपासणी होती सहा जूनची. त्या आठवड्यातल्या बाकी शेरेवाल्यांची पुन्हा तपासणी तोवर होऊन गेली होती.

कागदावर सतरा नावं आली. सिस्टरनी सतरा माणसं बोलावली, सतरा टिका केल्या. दादा त्याच आठवड्यात परत आला आणि कोणीच काही बोललं नाही म्हणून सरळ आपल्या शेडमध्ये गेला. ऑक्टोबरच्या यादीत तर त्याचा जून येणारच नव्हता. तो यायला हवा होता फक्त त्या एका यादीत. त्या एकाच.

हिवाळ्यात गाडीत एकदा तो बोटं चोळत होता. मुंग्या येतात म्हणाला. मी म्हटलं थंडी आहे. मग चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायला लागला, तेव्हा मी चेष्टा केली — दादा, म्हातारा झालास. तो हसला. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण हे ‘माहीत नव्हतं’ मी इतक्या वेळा स्वतःला ऐकवलंय की आता त्याचीही चीड येते.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाकडून होते. होते. ती सांगायला मी एवढं बसलो नसतो. चुकीपर्यंत मी तसा बरा माणूस होतो.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा तपासणी. सही करताना दादाच्या हातातलं पेन थरथरलं आणि डॉक्टरांनी मागचे कागद मागवले. गेल्या वर्षीचा त्यांचाच शेरा निघाला. मग पुन्हा तपासणी का नाही झाली? साहेबांनी मला फोन केला — सप्टेंबरच्या यादीत याचं नाव होतं की नाही, फाइल बघून सांग. फोन खाली ठेवायच्या आतच मला कळलं होतं. एकोणीस, एकोणीस, सहा. हिशोब करावाही लागला नाही. माझी पाचावर धारण बसली.

जेवणाची सुट्टी होती. सिस्टर तपासणीच्या मंडपात रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होत्या, आरोग्य खोली उघडीच होती. मी फाइल काढली. सप्टेंबरचा कागद काढला आणि घडी करून खिशात घातला. परत टेबलाशी आलो. क्वेरीतली, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या त्या प्रश्नातली, ती ओळ बदलली, महिन्याची एक तारीख धरून तीन महिने मागे, आणि ‘आज’च्या जागी हाताने गेल्या वर्षीची एकोणीस सप्टेंबर घातली. दहा मिनिटांचंही काम नव्हतं. पुन्हा तपासणी झाल्याच्या नोंदी त्या दिवसापर्यंतच्याच धरल्या, म्हणजे जुनी सतरा नावं तशीच येतील. इतकं भान मला होतं बघा. कागद छापून आला. अठरा नावं. अठरावं हसुराम दादाचं.

आणि मग — थांबा, हे लिहिताना हात थांबतो माझा. माझा हात मात्र थरथरत नाही. मग मी निळं पेन घेतलं. जुना कागद शेजारी ठेवला आणि सिस्टरच्या टिका त्या नव्या कागदावर उतरवल्या. सिस्टर टिकेचं शेपूट जरा आत वळवतात, ते मी तसंच वळवलं. सतरा टिका. प्रत्येक आधी बोटाने हवेत काढून बघितली. अठराव्या नावापुढची जागा कोरी सोडली आणि कागद फाइलला लावला. जुना घरी नेऊन बंबात घातला.

साहेबांना मी एवढंच म्हणालो, “यादीत नाव आहे, साहेब.” खोटं होतं का ते? त्या क्षणी तर फाइलीत नाव होतंच. अशी चलाखी सुचते बघा माणसाला.

सिस्टरना बोलावलं. त्यांनी तो कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता म्हणतील की हा कागद माझा नाही. त्या म्हणाल्या नाहीत. टिका त्यांच्याच होत्या ना! पदर नीट करून त्या म्हणाल्या, “माझंच चुकलं असेल.” त्यांना लेखी समज मिळाली, आणि त्यानंतर तपासणीच्या कामावर त्यांना एकटं ठेवलं नाही. आणि मी? खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री मला झोप लागली — गाढ.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. पण महिन्याभराने सिस्टर मला म्हणाल्या, तुम्हाला त्यांचं घर माहीत आहे, दाखवाल का? मी नाही कसं म्हणणार? रविवारी पेणहून त्यांना बाइकवर मागे बसवून जोह्याला घेऊन गेलो.  वाटेभर त्यांनी मांडीवर फळांची पिशवी धरली होती.

कारखान्यात मूर्ती ओळीने उभ्या होत्या, रंग होऊन, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. दादा खाली बसून मुकुटांना खडे चिकटवत होता, दोन्ही हातांनी, एक खडा दोनदा पडत होता. आखणीच्या चौरंगाशी वहिनी बसल्या होत्या. “ही शिकते आता,” दादा म्हणाला. वहिनींनी वर बघितलं नाही, त्यांची रेघ चालू होती.

सिस्टर त्याच्यासमोर मातीतच बसल्या. हात जोडले. आपल्याहून मोठी बाई कोणासमोर हात जोडताना तुम्ही पाहिलीय का कधी? “माझ्याकडून तुमचं नाव राहिलं. कसं राहिलं तेच कळत नाही मला. रोज आठवते तो दिवस, पण आठवतच नाही हो.” आणि त्या रडायला लागल्या.

आठवेल कसं? जे घडलंच नाही ते आठवेल कसं?

मी त्यांच्या मागे उभा होतो. चार पावलं. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, सिस्टरचा दोष नाही, यादी माझ्याकडून चुकली, एवढंच. दादाने मुकुट बाजूला ठेवला. “जाऊ दे ओ सिस्टर. तुमी काय मुद्दाम नाय केलं. माणूस हाय, राहतं एखादं.” मग माझ्याकडे बोट करून, त्यांना हसवायला म्हणून, म्हणाला, “आपण काय याचा कॉम्प्युटर हाय का, कधीच नाय विसरायला?” आणि वहिनींना, “चाय टाक गो, पाव्हणी आलीय.”

मी हसलो. दादाच्या त्या बोलण्यावर मी हसलो, आणि वाक्य गिळलं. मग चहा प्यालो. वहिनींनी बिस्किटं दिली तीही खाल्ली.

डॉक्टर म्हणतात की हात थरथरायला दुसरी कारणंही असू शकतात, आधीचीही असतील. असू शकतात. कित्येक महिने मी त्या वाक्यात तोंड लपवून बसलो. पण कागदावर ‘पुन्हा बोलवा’ असं लिहिलेल्या माणसाला पुढचे नऊ महिने सॉल्व्हंटजवळच ड्रम भरू दिलं, ते माझ्या एका ओळीने. त्याचं दुसरं कारण नाही. आणि सिस्टरच्या त्या लेखी समजेला तर मी सोडून कोणतंच कारण नाही.

दादा आता कंपनीत येत नाही. गाडीत जागा मला मीच शोधतो. गणपती अजून त्यांच्याकडूनच आणतो; नाही आणला तर घरचे विचारतील, का? डोळे वहिनींनी आखलेले असतात. चांगले आखतात. आरतीला मी मागे उभा राहतो.

क्वेरी दुरुस्त आहे. त्या दिवसापासून एकदाही चुकलेली नाही. मी कोणत्याही तारखेला काढली तरी महिने पुरे येतात. तरी मी ती एक तारखेलाच काढतो. कागद आरोग्य खोलीत जातो. सिस्टर आता दोन टिका करतात, एक निळी, एक लाल, आणि शेवटी खाली नावांची संख्या लिहून सही करतात. तसं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मग संध्याकाळी निघायच्या आधी मला फोन करतात. दर महिन्याला, न चुकता, तोच आवाज — “बघा हो जरा, माझ्याकडून कोणी राहिलं नाही ना?”

मी स्क्रीनकडे बघतो, म्हणतो, “नाही सिस्टर, या वेळी नाही.”