चौथ्या जागेचा हार

परळच्या हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर आम्ही तिघं बसलो होतो. एक वहिनी. काळाचौकीच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहते. तिचा नवरा आत होता, बायपाससाठी. तो आमच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस. दुसरे मंडळाचे अध्यक्ष, नुकत्याच झालेल्या सभेत निवडून आलेले. सगळी चाळ त्यांना काका म्हणते, मीही. आणि तिसरी मी, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप घेऊन. सुट्टी मागितली की आमचा साहेब विचारतो, "तो तुझा कोण लागतो?" शेजारी लागतो. अजून काय लागायला हवं?

एक गोष्ट आम्ही लपवली होती. चिटणीसाची आई गावी असते, मालवणच्या बाजूला, एकटीच. तिलाही हृदयाचं दुखणं. गोळी वेळेवर घ्यावी लागते, आणि तीही पोटात अन्न असताना. तिचा जीव टांगणीला लागायला नको म्हणून तिला सांगितलं होतं, मुलगा ऑफिसच्या कामाला नागपूरला गेलाय, दोन दिवस फोन लागणार नाही. वाईट गोष्ट आपल्याकडे कोण सरळ सांगतं? आधी गोड बोलायचं, मग हळूहळू सांगायचं. ही पद्धत म्हातारीलाही ठाऊक असणार, हे मात्र आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुमारास वहिनीचा फोन वाजला. आईंचा. आवाज इतका मोठा की स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"खरा सांग माका. माझ्या झिलाच्या फोटोक हार कित्याक?"

"कसला हार, आई?" वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला.

"मंडळाच्या पानार. चंदनाचो हार. खाली श्रद्धांजली म्हणान लिवलेला. माका वाचूक येता."

मंडळाची एक वेबसाइट आहे. तिच्यावर कार्यकारिणीचे फोटो आहेत, एकाखाली एक. चिटणीसाने आईच्या फोनवर ते पान लावून दिलं होतं आणि कसं उघडायचं ते शिकवलं होतं. ती रोज ते पान उघडायची, मुलाचा चेहरा बघायची आणि मग कामाला लागायची.

वहिनी गडबडली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने खोटं बोलू नये, हेच खरं. "आई, ते नागपूरला नाहीत. इथेच आहेत, ऑपरेशन चाललंय. पण चांगले आहेत हो, शपथ घेऊन सांगते."

"म्हणजे नागपूर खोटा," म्हातारी म्हणाली. "मगे ह्या खरा कशावरना?"

वहिनी पुन्हा शपथ घ्यायला लागली. म्हातारीने तिला मधेच तोडलं.

"मरणाचो निरोप असोच देतत, चेडवा. आदी आजारी म्हणतत, मगे सिरीयस म्हणतत, मगे गाडी पकडून ये म्हणतत. माझ्या घोवाच्या वेळेक असाच केल्यात." नवरा गेला तेव्हाचं ती विसरली नव्हती. आणि फोन बंद. वहिनीने पुन्हा पुन्हा लावला, तिने उचलला नाही. मग गावाकडच्या त्यांच्या शेजारणीला लावला. शेजारीण रडकुंडीला आलेली. म्हणाली, काकी ओसरीवर बसल्यात, हातपाय गार पडलेत, पेज समोर ठेवलीय पण शिवत नाहीत, गोळी दिली तर भिरकावली. डॉक्टर तालुक्याला, गाडी मिळायची बोंब.

मी पान उघडलं. चिटणीसाचा फोटो काळापांढरा, भोवती हाराचं चित्र, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आतमध्ये माणूस टेबलावर, छाती उघडलेली, आणि इथे हा हार. मी देवभोळी नाही. पण त्या क्षणी मला भीती वाटली. थिएटरच्या दाराकडे बघायचा धीर होईना. त्याच्याच खालच्या फोटोत मंडळाचे संस्थापक होते, गेल्या वर्षी वारलेले. ते मात्र रंगीत, टवटवीत, हाराबिराशिवाय हसत होते. ते बघितलं आणि माझी भीती गेली, तिच्या जागी राग आला. कारण काय झालंय ते मला कळलं.

हे माझंच काम आहे. वेबसाइटचं दिसणं सांभाळते मी, त्यावरच पोट भरते. पानावर कशाला कुठला रंग, कुठली चौकट, याचे नियम वेगळे लिहिलेले असतात. त्यात एक क्लास असतो. म्हणजे आपण एखाद्या फोटोला ‘दिवंगत’ असं नाव चिकटवायचं आणि नियम लिहायचा की दिवंगत असेल त्याला हार घाल. फोटो कुठेही न्या, हार त्याच्यासोबत जातो. दुसरा असतो स्यूडो-क्लास. तिथे नाव कुणी चिकटवत नाही, ब्राउझर स्वतःच बघत राहतो. माउस वर आलाय का? हॉवर. लिंक आधी उघडलेली आहे का? व्हिजिटेड. रांगेत कितवा उभा आहे? त्याला म्हणतात nth-child. फार उपयोगाची चीज आहे. तक्त्यातल्या ओळी एकाआड एक रंगवायच्या असल्या की मीही तेच लिहिते. पण त्याला माणूस दिसत नाही, जागा दिसते. नळावर चौथ्या हंड्याला पाणी मिळणार नाही असं ठरवलं, तर जो हंडा चौथा येईल तो कोरडा. मग तो कुणाचा का असेना.

लॅपटॉपवर पानाची आतली बाजू उघडून बघितली. तिथे तेच लिहिलं होतं, nth-child(4). साइट करणाऱ्याने संस्थापकांच्या फोटोला हार घातलाच नव्हता. चौथ्या जागेला घातला होता. मंडळाने साइट करायची ठरवली तेव्हा मला कुणी विचारलं नाही, ती कुणाच्या तरी ओळखीतल्या माणसाकडून फुकटात करून घेतली. फुकटचं ते पौष्टिक! तो माणूस आता कुठे आहे कुणालाच माहीत नाही. सगळं खोलणारा मोठा पासवर्ड एकट्या चिटणीसाच्या डोक्यात, आणि चिटणीस भूल देऊन झोपवलेला.

"काका," मी म्हटलं, "आज सकाळी साइटवर काही केलंत?"

"माझा फोटो टाकला," काका म्हणाले. "सगळ्यात वर. अध्यक्ष कुठे असतो? वरच असतो ना?"

बरोबरच होतं त्यांचं. पत्रिकेवर, बॅनरवर, पावतीपुस्तकावर अध्यक्ष पहिला असतो, ही पद्धतच आहे. पण काका वर आले आणि खालचे सगळे एकेक पायरी उतरले. तिसरा चिटणीस चौथा झाला, चौथे संस्थापक पाचवे झाले. हार होता तिथेच राहिला.

"मग आता स्वतःला काढा तिथून."

काकांनी फोन काढून बघितलं. त्यांच्या पासवर्डवर फोटो टाकता येत होता, वर-खाली सरकवता येत होता. काढून टाकता येत नव्हता.

"मग खाली सरकवा. संस्थापकांच्या खाली जा, म्हणजे सगळे आपापल्या जागेवर येतील."

काकांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "अध्यक्ष पाचवा?"

"हो, पाचवा!"

"त्यापेक्षा मी काकींना फोन करतो ना. माझं ऐकतील त्या."

त्यांनी शेजारणीच्या फोनवर लावला. पलीकडून म्हातारीने एवढंच विचारलं, "तू तरी काय वेगळा सांगतलंस?" आणि फोन शेजारणीकडे परत दिला. काकांनी फोन खिशात टाकला.

"आता तरी सरका ना खाली," मी म्हटलं.

"तुला काय जातंय बोलायला," ते एकदम उसळले. "जन्म गेला माझा मंडळात. ट्रकखाली झोपून जॅक लावले, विसर्जनाला दोर ओढले. माझगावच्या गोदीतून पाळी करून यायचो आणि तसाच मांडवात उभा राहायचो. फोटो काढायची वेळ आली की मी दोरावर. पहिल्यांदा वर बसलोय, तर तू म्हणतेस उतर?"

मी चिडले. आणि मी चिडले की माझा आवाज चाळीच्या चौकातला होतो. "आग लागो त्या खुर्चीला! तिथे म्हातारी गोळी घेत नाहीय, हातपाय गार पडलेत, आणि तुम्ही पहिला नंबर धरून बसलाय? लाज वाटते का काही?" सिक्युरिटीवाला धावत आला, मॅडम आवाज कमी करा म्हणाला. मी त्याच्यावरही डाफरले.

वहिनी मात्र हळूच म्हणाली, "काका, काकू गेल्या तेव्हा तुमचा डबा आई करायच्या ना?"

काकांचं तोंड एकदम बारीक झालं. त्यांना मूलबाळ नाही. बायको गेल्यावर आईंनी त्यांना कितीतरी महिने दोन्ही वेळा जेवू घातलं होतं, गावी जायच्या आदल्या दिवसापर्यंत. ते उठले आणि खिडकीपाशी गेले, कारण रेंज तिथे जास्त चांगली यायची. मी आणि वहिनी मागोमाग. शेजारणीला पुन्हा फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि तिला सांगितलं, काकींचा फोन त्यांच्या हातात द्या, पान उघडं ठेवा. मग काकांनी आपल्या फोटोशेजारचा खाली जायचा बाण दाबला.

पानावरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं. मग काका दुसरे झाले. हार चिटणीसालाच. पुन्हा दाबलं. तिसरे झाले. तरीही हार चिटणीसालाच. आता कुठल्याही क्षणी थिएटरचं दार उघडेल असं मला वाटत होतं, आणि दार उघडताना तो हार तिथे असायला नको होता. हे मूर्खपणाचं आहे हे कळत होतं, तरी वाटत होतं.  काकांनी तिसऱ्यांदा दाबलं.

फोटो उमटले. चिटणीस रंगीत. आणि चौथ्या जागेवर काका, काळेपांढरे, हार घातलेले.

"अरे देवा," वहिनी म्हणाली. काका स्वतःच्या श्रद्धांजलीकडे बघत उभे राहिले.

"अजून एकदा दाबा, पटकन," मी म्हटलं. तेवढ्यात फोनमधून शेजारीण म्हणाली, "काकी, बोटान खाली वडा, पान परत येयत." मग बराच वेळ नुसती खरखर. मग आईंचा आवाज, अगदी जवळून.

"गो बाय माझे! हार तुका इलो?"

"आला, काकी," काका म्हणाले.

"मगे तू बोलतंस कसो?"

"मी हाय म्हणून बोलतोय. मेलेला माणूस फोन करतो काय, काकी?"

"तू जितो हस मां?"

"धडधडीत हाय. तुमचा मुलगा पण हाय. तो हार खोटा. माझ्यावर आला तसाच त्याच्यावर आला होता."

 आम्ही इतका वेळ शपथा घेऊन सांगत होतो त्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. पण हार घातलेला माणूस तिच्याशी बोलत होता, आणि तो आवाज ती तरुणपणापासून ओळखत होती. मग ती रडायला लागली. मोठ्याने, मोकळी होऊन. वहिनीही रडली, मीही रडले. सांगायला काय लाज?

"काकी, आता पेज खावा," काका म्हणाले. "गोळी घ्या. मग मला फोन करा. याच नंबरावर. मी वाट बघतोय."

"करतंय," म्हातारी म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "चला, आता दाबा एकदा. पाचवे झालात की हार जाईल, संस्थापक त्यांच्या जागी."

काकांनी बोट मागे घेतलं. "नको."

"अहो, नको काय?"

"ती फोन समोर ठेवून जेवणार. मला माहिताय. मधेच पान हललं तर तिला परत संशय, घास घशात अडकायचा. जेवू दे तिला. तोवर मी मेलेलाच बरा." मग म्हणाले, "माझा फोटो रोज उघडून बघणारं आहे कोण? कुणाचा जीव जाणार आहे?"

हे बोलून ते बाकड्यावर येऊन बसले आणि त्यांचा फोन वाजला. चाळीतली दुसऱ्या माळ्यावरची बाई. "अहो, मी हे काय बघतेय? सकाळी तर चहा पिऊन गेलात!" आणि हुंदका. काकांनी तिला कसंबसं गप्प केलं. ठेवला तोच दुसरा फोन. मग तिसरा, मांडववाल्याचा, त्याला तर बोलताच येईना. सकाळी काकांनीच मोठ्या हौसेने ग्रुपवर लिंक टाकली होती, नवीन अध्यक्ष बघा म्हणून. आता सगळी काळाचौकी बघत होती.

"जिवंत हाय रे! जिवंत हाय!" काका ओरडत होते. डोळे वाहत होते आणि ओरडत होते. "रडू नको, फोन ठेव! लाइन मोकळी कर, काकींचा फोन यायचाय!" सिक्युरिटीवाला पुन्हा आला आणि या वेळी काहीच न बोलता परत गेला.

त्या गोंधळात थिएटरचं दार उघडलं. सिस्टरने वहिनीचं नाव घेतलं. ऑपरेशन झालं होतं, नीट झालं होतं. संध्याकाळी लांबून बघता येईल म्हणाली. वहिनी खालीच बसली, भिंतीला टेकून. काका उठून तिच्याकडे जायला निघाले आणि तेवढ्यात परत फोन वाजला. त्यांनी नंबर बघितला, स्पीकर लावला, आणि आधी मुलाची बातमी सांगितली.

"बरां झाला," म्हातारी म्हणाली. आवाज थकलेला, पण नेहमीचा. "जेवलंय मी. गोळीय घेतलंय. आता तो हार काढ बघया. तुका बरो दिसणा नाय."

काकांनी नाक पुसलं आणि खालचा बाण दाबला.